त्या मण्यांत काय होतं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ह्यांना नाही, लेकीला नाही. देवापुढं हात जोडले तरी हा विषय सोडून बाकीचं सगळं बोलते. एकदा बहिणीला सांगायचं म्हणून बसले — आणि वांग्याच्या भरतावर बोलून उठले. तुम्ही मला दिसत नाही, मी तुम्हाला दिसत नाही, म्हणून आज जमेल असं वाटतंय. बघू.

मला एकीनं एक साधा प्रश्न विचारला होता. उत्तर मला ठाऊक होतं, एका शब्दाचं होतं. मी दुसरंच सांगितलं. तसं बघितलं तर एवढंच आहे. पण एवढ्यावर थांबले तर तुम्हाला काहीच कळणार नाही, आणि मी मात्र सांगून मोकळी झाले असं समजून बसेन. म्हणून आधी मण्यांपासून सुरुवात करते. आणि खरं सांगू? मण्यांबद्दल बोलायला मला अजून आवडतं. त्याची लाज वाटते, तरी आवडतं.

मला लहानपणापासून एक खोड आहे. एखादी वस्तू कशी केलीय हे कळल्याशिवाय चैन पडत नाही. आईच्या लाखेच्या बांगड्या मी चुलीत धरून बघितल्या होत्या, वितळल्यावर आत काय निघतं म्हणून. मार खाल्ला, पण कळलं. लग्न होऊन परभणीला सरकारी कॉलनीत आले, तरी उचापती थांबल्या नाहीत. बंद पडलेलं गजराचं घड्याळ उघडून परातीत मांडलं, कुकरची शिट्टी काढून तिच्यातून फुंकून बघितलं. सासूबाई ताडकळसला असायच्या म्हणून निभावलं. हे कचेरीत कारकून. माझे उद्योग बघून नुसते हसायचे.

शेजारच्या घरात सुशीला राहायची. तिचा नवरा ह्यांच्याच कचेरीत. सुशीला डी.एड. झालेली, पण नोकरी काही लागत नव्हती. मग तिनं स्वतःच्या पुढच्या खोलीत बालवाडी काढली. एक सतरंजी, एक फळा, डबाभर चिंचोके आणि तिचा तो मोठा, मोकळा आवाज. कॉलनीतली झाडून सगळी लेकरं तिच्याकडं. रडत आलेलं पोर दुपारी घरी न्यायला गेलं तर यायला तयार नसायचं. तिचा जीव त्या बालवाडीत होता. स्वतःच्या हिमतीवर उभं केलेलं माझं एवढंच हाय, असं ती म्हणायची.

सुशीला बौद्ध होती. हे मी असं मधेच सांगतेय, कारण तेव्हाही ते असं मधेच यायचं. तोंडानं कुणी बोलत नव्हतं, पण तिच्या हातून पाण्याचा पेला घेताना एखादीचा हात जरा थबकायचा. विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला, त्या साली तिच्या माहेरचं घर जळालं होतं. त्यातून जे थोडं वाचलं त्यात तिच्या आईचा एक पितळी डबा होता. सुशीलानं तो घासून लख्ख केला होता, फक्त बुडाचा काळा डाग तेवढा गेला नाही. दर दिवाळीला त्याला आतून कल्हई करून घ्यायची. हे तिनं मला एकदाच सांगितलं, तेही हातानं कणीक मळता मळता. मी पुढं काही विचारलं नाही. एरवी सगळीकडं नाक खुपसणारी मी — तिथं मात्र विचारलं नाही.

कणीक म्हणजे ब्रेडची बरं का. एका उन्हाळ्यात कॉलनीतल्या एका बाईंनी घरी वर्ग घेतला होता, ब्रेडची फुलं आणि दागिने करायचा. आम्ही दोघी पोट धरून हसलो होतो. ब्रेड आमच्याकडं यायचा तो कुणी आजारी पडलं तर. त्याचे दागिने करायचे? पण गेलो. आणि अडकलो.

कालचा ब्रेड घ्यायचा, कडा काढून टाकायच्या, मधला पांढरा भाग चुरायचा. त्यात सुतार वापरतात तो पांढरा डिंक, दोन थेंब ग्लिसरीन, थोडा लिंबाचा रस. आधी ते हाताला असं चिकटतं की सोडून द्यावंसं वाटतं. मळत राहायचं. मग एकदम, कुठल्या क्षणी ते मला कधीच पकडता आलं नाही, ते हात सोडतं आणि कानाच्या पाळीसारखं मऊ होतं. का होतं असं? सुशीला म्हणायची डिंकामुळं, मी म्हणायचे हाताच्या उबेमुळं. आम्ही एकदा गार पाण्यात हात बुडवून बुडवून मळून बघितलं. तरी झालं. ती जिंकली.

मणी वळणं सोपं, भोक पाडणं अवघड. ओल्या मण्यात सुई घातली की तो चपटा होतो, वाळल्यावर घातली की फुटतो. अर्धा वाळू द्यायचा, सुईला तेलाचं बोट लावायचं आणि टोचायची नाही, फिरवत न्यायची. मग खराट्याच्या काडीत मणी ओवायचे, काड्या अर्ध्या बटाट्यात रोवायच्या आणि सावलीत ठेवायच्या, अधूनमधून फिरवत. उन्हात ठेवले तर तडकतात. वाळल्यावर झिजलेल्या पॉलिश पेपरनं घासायचे, शेवटी रोगणाचा हात. आणि फुलांचे मणी! रंगीत कणकेच्या वळ्या एकमेकींना चिकटवून एक जाडी वळी करायची, पाकळ्या बाहेर, पिवळा ठिपका मधे. आळूवडीसारख्या चकत्या पाडल्या की प्रत्येक चकतीवर तेच फूल. ती वळी लाटून बारीक केली तर आतलं फूलही बारीक होतं, पण मोडत नाही. ते बघून मी दिवसभर वेड्यासारखी वळ्या ओढत बसले होते. भात करपला.

एकच त्रास होता — कीड. खायचीच वस्तू शेवटी. पावसाळा सरला की मण्यांतून पीठ गळायचं आणि बारीक तपकिरी किडे निघायचे. मी कडुनिंबाचा पाला घालून बघितला, कापूर घालून बघितला, लवंगा कुटून घातल्या. लवंगांनी मणी मळकट दिसायला लागले, कीड होती तशीच. मग एकदा ह्यांचा डबा द्यायला कचेरीत गेले, तर तिथले शिपाई गफूरभाई फायली चिकटवायची खळ शिजवत होते. मैद्याची खळ, तरी तिला कीड का लागत नाही? मी विचारलंच. त्यांनी पुडी उघडून दाखवली. निळे खडे. मोरचूद. चिमूटभर टाकलं की कसर कागदाच्या जवळ येत नाही म्हणाले. मी एक खडा मागून घेतला.

"वैनी, हात धुवून घ्या बरं. जहर हाय ते."

हे ते बोलले, आणि मी ऐकलं. मला माहीत नव्हतं असं मी तुम्हाला सांगू शकत नाही.

मोरचुदाचे मणी टिकले. शिवाय एक गंमत झाली — धोतराला नीळ दिल्यावर ते जसं जास्त पांढरं दिसतं, तसे पांढरे मणी त्या जराशा निळसर छटेनं जास्तच पांढरे दिसायला लागले. मी खूष. सुशीलानं विचारलं, "काय टाकलंस गं?" मी नुसतं हसले. का नाही सांगितलं? कारण चांगल्या युक्त्या तोवर तिनं काढलेल्या होत्या, आणि ही माझी होती. बायकांच्या घोळक्यात एकदा मी एकटीनं मिरवावं एवढीच हौस. इतकी बारीक गोष्ट होती ती.

त्याच थंडीत मला हलव्याच्या दागिन्यांची कल्पना सुचली. माझ्या पहिल्या संक्रांतीचे दागिने सासरी हौसेनं केले होते — काळी साडी, हलव्याचा हार, बाजूबंद, बिंदी. दुसऱ्या दिवशी ट्रंक उघडली तर मुंग्यांनी सगळा हार भरला होता. साखरेचेच दाणे ते, राहणार कसे? मला वाटलं, ब्रेडचा हलवा केला तर? दर वर्षी वापरता येईल असा. पण हलव्याला काटे असतात. ते कसे आणायचे? मी रवा चिकटवून बघितला, साबुदाण्याचा चुरा लावून बघितला. खरजेसारखं दिसायला लागलं. शेवटी सुशीलानं कणीक डिंकात पातळ केली, कुंचल्याचं टोक त्यात बुडवलं, मण्यावर टेकवलं आणि चटकन वर उचललं. बारीक टोक उभं राहिलं. आम्ही दोघी त्या एका काट्याकडं बघत बसलो.

रोगण लावलं नाही. हलवा चकाकत नाही. चकाकला असता तर खोटा आहे हे लगेच कळलं असतं. म्हणजे शेवटचा हात, जो वस्तूला झाकून टाकतो, तोच मी दिला नाही. हे नीट लक्षात ठेवा.

माझी नणंद मंगल गंगाखेडला दिलेली. बऱ्याच नवसांनंतर तिला मुलगा झाला होता, मुन्ना, तेव्हा दीड वर्षाचा. त्याचं बोरन्हाण आजोळी, म्हणजे आमच्याकडं करायचं ठरलं. सासूबाई ताडकळसहून बोरं, उसाचे करवे, हुरडा घेऊन आल्या. मी म्हटलं, दागिन्यांचं माझ्याकडं लागलं. हार, मनगट्या, कंबरपट्टा, डोक्याला मुकुट. खोटे आहेत हे सांगितलं नाही. कुणाच्या लक्षात येतंय का, हे मला बघायचं होतं! शेवटी सांगून सगळ्यांना हसवायचं असं ठरवलं होतं. सुशीला म्हणाली होती की आधीच सांगून टाक, लेकरू तोंडात घालील. मी म्हटलं, ब्रेडच तर आहे.

सुशीलाला बोलवलेलं सासूबाईंना रुचलं नव्हतं. त्या बोलल्या नाहीत, पण कुंकू लावताना त्यांचं बोट तिच्या कपाळाला टेकलं न टेकलं. ती मात्र नेहमीसारखी आली — हसत, मोठ्यानं बोलत, हातात तो पितळी डबा. तिळाच्या वड्या केल्या होत्या. मुन्नाच्या डोक्यावरून बोरं, करवे, चुरमुरे ओतले, तिच्या बालवाडीतलीच लेकरं ती लुटायला एकमेकांवर पडली, एकच कालवा झाला. सुशीलानं वडीचा तुकडा मोडून मुन्नाला भरवला. हे सगळ्यांनी बघितलं. बायका हार हातात घेऊन बघत होत्या, काटे किती छान आलेत म्हणत होत्या, कुठल्या दुकानातला म्हणून विचारत होत्या. मी सुशीलाकडं बघून डोळा मारला.

त्या गडबडीत खरं सांगायचं राहूनच गेलं. सगळ्या गेल्या आणि थोड्याच वेळात मुन्नाला उलट्या सुरू झाल्या. हिरवट-निळ्या. पोर पिळवटून निघत होतं, मान टाकत होतं. मंगल किंचाळत होती. ह्यांनी रिक्षा आणली, मंगल आणि सासूबाई लेकराला घेऊन बसल्या, सगळे दवाखान्यात पळाले. मी घरी राहिले — सारवासारव करायला. कोपऱ्यात लेकराच्या अंगावरून काढलेले दागिने पडले होते. हारातले दोन-तीन मणी चघळून मऊ झालेले, काटे गेलेले. मी सगळे दागिने उचलले आणि मागच्या चुलीत घातले.

ज्योत हिरवी निघाली. पोपटी, मोरपंखी, इतकी सुंदर की — आता हे कसं लिहू — तिकडं लेकरू दवाखान्यात होतं आणि मी चुलीपुढं बसून ती बघत राहिले. मोरचुदातल्या तांब्यामुळं असेल का, असा विचार करत राहिले. हाच माझा स्वभाव, आणि त्या दिवशी मला त्याची पहिल्यांदा भीती वाटली.

मुन्ना वाचला. दुसऱ्या दिवशी दूध मागायला लागला. डॉक्टरांनी विचारलं होतं, पितळेच्या भांड्यातलं काही कळकलेलं पोटात गेलं का? कल्हई उडालेल्या भांड्यात पदार्थ कळकतो, हिरवा पडतो, माणसाला बाधतो, हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक. सासूबाईंना दुसरं काही लागलंच नाही.

"आपल्या घरात समदी स्टीलची भांडी. पितळी डबा कोन घेऊन आलतं? तिनंच लेकराच्या तोंडात घातलं. मी म्हनलं व्हतं, नका बोलवू, नका बोलवू."

तीळ आणि गूळ कोरडे, ते कसे कळकतील? आंबटाशिवाय कळकतं का? मी हे सगळं मनात बोलले. बाहेर एक शब्द नाही. आणि त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळत होतं, कॉलनीतल्या सगळ्यांना कळत होतं. जात कुणीच काढली नाही. सगळ्यांनी कल्हई म्हटलं. तो शब्द सगळ्यांना सोयीचा पडला, आणि मलाही.

सुशीला डबा घेऊन आमच्या दारात आली. झाकण उघडून आतून दाखवायला लागली — दिवाळीची कल्हई, आरशासारखी. सासूबाई आत निघून गेल्या. मंगल लेकराला पदराखाली घेऊन भिंतीकडं वळली. तो डबा मी एकटीनं बघितला.

दोन दिवसांनी मोरीपाशी तिनं मला गाठलं. रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. तिच्या चेहऱ्यावर तेच होतं, जे कणीक हात का सोडते हे शोधताना असायचं.

"वसू, त्या मण्यांत काय होतं गं?"

"ब्रेड आणि डिंक. तुझ्यापुढंच तर मळलं."

"दुसरं काही न्हाई?"

"दुसरं काय असणार?"

ती विचार करत उभी राहिली. म्हणाली, डिंक तर माझी पोरं बोटं बोटं चाटत्यात, कुणाला काही होत न्हाई. मग ते न्हाई. मग काय ऱ्हायलं? माझा डबाच ऱ्हायला. तिनं हिशेब बरोबर मांडला होता. एक आकडा मी तिला दिलाच नव्हता.

तिनं माझ्यावर विश्वास ठेवला, हे तुम्हाला कळतंय का? लोक काही म्हणोत, त्याच्याशी ती भांडू शकली असती. तिच्या अंगात ती धमक होती. पण तिला स्वतःलाच वाटायला लागलं की लेकराला आपणच बाधवलं. कल्हईत कुठंतरी न दिसणारी चीर असेल, म्हणाली. तो डबा तिनं मोडीत घातला. जळत्या घरातून वाचलेला डबा. आणि मणी खोटे होते हे ती एकटी जाणत होती, तेही तिनं कुणाला सांगितलं नाही. माझी गंमत उघडी पडून सासूबाई मला बोलतील म्हणून.

बालवाडी लगेच नाही मोडली. आधी एकीनं पोर सर्दी झाली म्हणून ठेवून घेतलं. मग दुसरीनं मावशीकडं पाठवलं. त्या दिवसांत नामांतरावरून पुन्हा बंद, मोर्चे सुरू होते, आणि लोकांना घाबरायला काहीही पुरत होतं. रोज सकाळी ओट्यावरून मला तिची सतरंजी दिसायची. सुशीला ती पूर्ण पसरायची, शेवटी शेवटी दोनच लेकरं आली तरी. मग एका सकाळी सतरंजी दिसली नाही. पुढं तिच्या नवऱ्याची बदली झाली. सामान टेम्पोत चढलं तेव्हा तिनं चिंचोक्यांचा डबा माझ्या लेकीला दिला. बंद होता तो, वरून दोरा बांधलेला.

मघाशी मी एक गोष्ट गाळली. आता ती सांगायलाच हवी.

बोरन्हाण चालू असताना मुन्नानं हार तोंडात घातलेला मी बघितला होता. मी त्याच्या समोरच बसले होते. हात लांब केला असता तर पोचला असता. त्यानं मणी चोखला, तोंड वाकडं केलं, आणि परत चोखला. आणि मला वाटलं — हा गोड नाही हे कळल्यावर तो थुंकतो का बघू. मोरचूद आठवलं नाही का? आठवलं. चिमूटभरच तर आहे, असं वाटलं. मी बघत राहिले. चुलीपुढं बसले तशीच.

नामांतर झालं तो दिवसही संक्रांतीचाच. मधे बरीच वर्षं गेली होती. मी कामानं बसस्टँडवर गेले होते. निळे झेंडे, गुलाल, ढोल, कुणी अनोळखी माणूस पेढा हातावर ठेवून पुढं गेला. गर्दीत मला कुणीतरी हाक मारली. तोच मोठा, मोकळा आवाज. सुशीला. केस पांढरे झाले होते, हसणं होतं तसंच. भावाकडं आली होती, आता परत निघाली होती. पुढं तिनं कुठं नोकरी केली, हे मी विचारलं. बालवाडीचं विचारलं नाही. तिनं मात्र पहिलाच प्रश्न विचारला, "मुन्ना कसा हाय?"

मी म्हटलं, मिसरूड फुटायला लागलंय. तिला इतका आनंद झाला की तिनं माझा हात धरला. मग पिशवीतून कागदाची पुडी काढली. तिळाच्या वड्या.

"तू खा. घरी लेकरांना मात्र देऊ नको हं."

का, असं माझ्या तोंडून गेलं. खोडच ती.

"मी लेकराच्या हातावर काही ठेवत न्हाई आता. घरच्यासुदिक. आपल्याला कुठं कळतंय, कशात काय असतं ते?"

ही ती बाई, जिला सगळं कळून घ्यायचं असायचं. मी वडी तोंडात टाकली. वेलदोडा घातला होता. तिची बस लागेपर्यंत आम्ही बोललो, पोराबाळांचं, गुडघ्यांचं. कितीतरी वेळ होता. ती खिडकीशी बसली, हात हलवला, आणि बस गेली.

तिचा पत्ता माझ्याकडं आहे. पुडीच्या कागदावर तिनंच लिहून दिला. मी गेले नाही, पत्र टाकलं नाही. तिला सांगायचं ते तुम्हाला सांगत बसलेय, कारण तुम्ही माझ्या घरी येऊन डबा उघडून दाखवणार नाही.

मोरचूद होतं, सुशीला. मी टाकलं होतं. तुझा डबा चांगला होता.